बाळाचे वाइप्स घरीच: कापड जुनं, पाणी रोज ताजं

चाकणहून आम्ही ओरगडमला आलो तेव्हा लेक तीन महिन्यांची होती. हाही चाकणसारखाच गाड्यांच्या कारखान्यांचा पट्टा, फक्त घाम चौपट. महिन्याचा हिशेब लिहायला बसले तर ७२ वाइप्सची पाच पाकिटं निघाली. सातशे रुपयांच्या वर! एका पगाराच्या घरात हे टोचलं.

मग मी दोन चुका केल्या. आधी वापरलेले वाइप्सच धुऊन वाळत घातले. ते दिसतात कापडासारखे, पण विणलेले नसतात. तंतू एकमेकांत अडकवून बनवलेले असतात आणि बऱ्याचदा त्यात पॉलिएस्टर असतं. दोन धुण्यांत लव सुटायला लागली. बाळाला ते परत वापरू नका. नुसते हात पुसलेला वाइप पंख्याची पाती पुसायला चालतो, मग कचऱ्यात. संडासात मात्र नको, पाइप तुंबतो.

दुसरी चूक मोठी. उकळलेलं पाणी, थोडं खोबरेल, बेबी सोप असं मिश्रण करून डबाभर ओले तुकडे भरून ठेवले. चौथ्या दिवशी झाकण उघडलं तर आंबूस वास. लेकीच्या मांड्यांत लाल चट्टे उठले होते आणि मी डायपरला दोष देत बसले होते! डॉक्टरांनी डब्याची चौकशी केली तेव्हा उलगडलं. दुकानातल्या वाइप्समध्ये जंतू वाढू नयेत म्हणून प्रिझर्व्हेटिव्ह असतं. आपल्या डब्यात काहीच नसतं, त्यात इथली दमट हवा.

वाट दाखवली शेजारच्या पाट्टींनी. पाट्टी म्हणजे आजी. इथे बाळासाठी जुन्या सुती साडीची 'तूळी' बांधतात, आपल्या झोळीसारखी. त्यामुळे मऊ कापडाची पारख त्यांना पक्की. त्यांनी घरातली विरलेली वेष्टी आणून दिली. माझ्याकडे आईचं धुवट लुगडं होतंच. वीतभर चौकोनाचे चाळीस तुकडे निघाले. कडा टेलरकडून ओव्हरलॉक करून घेतल्या. तेवढे पैसे जरूर घाला, कारण सुटा धागा बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला गेला तर रक्त अडतं.

आता तुकडे कोरडेच ठेवते. सकाळी उकळलेलं पाणी कोमट झालं की थर्मासमध्ये भरते आणि लागेल तसा तुकडा भिजवते. रात्री उरलेलं पाणी झाडाला. साबण, तेल, सुगंध काही नाही. मुलगी असेल तर पुढून मागेच पुसायचं. बाहेर जाताना सहा-सात ओले तुकडे पिशवीत, तेही त्याच दिवसापुरते.

शी लागलेला तुकडा लगेच खळबळून झाकणाच्या बादलीत. दुसऱ्या दिवशी साबणाच्या पाण्यात उकळून, स्वच्छ खळबळून उन्हात. फॅब्रिक सॉफ्टनर घालू नका, कापड पाणी शोषत नाही. बोअरच्या जड पाण्याने तुकडे कडक होतात, ते हाताने चोळून मऊ करते. ऑक्टोबर ते डिसेंबर इथे पाऊस, तेव्हा इस्त्री फिरवते. थोडा जरी ओलसर राहिला तरी घडी घालत नाही.

चट्टे गेले. तुमच्या बाळाचे दोन-तीन दिवसांत कमी झाले नाहीत किंवा पुळ्या आल्या, तर घरगुती उपाय न करता डॉक्टरांकडेच जा.

गेल्या महिन्यात एकच पाकीट आणलं, पुण्याच्या रेल्वेप्रवासासाठी. गाडीत थर्मास सांभाळणं काही मला जमत नाही.