वेलांटी पहिली की दुसरी?

"काकू, मी पंच्याहत्तर म्हटलं होतं ना?"

२०१४ सालच्या एप्रिलमधली गोष्ट. पुण्यातल्या एका महाविद्यालयात, परीक्षेच्या मुख्य हॉलपासून लांब, जुनी कपाटं ठेवलेल्या एका खोलीत आम्ही तिघंच होतो. ती, मी आणि दाराशी खुर्ची टाकून बसलेले पर्यवेक्षक. ती बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, जन्मापासून अंध. मी बँकेतून नुकतीच निवृत्त झालेली, तिची लेखनिक. तिनं सांगायचं, मी लिहायचं. इतिहासाचा पेपर संपत आला होता आणि शेवटची दहा मिनिटं मी तिला तिचीच उत्तरं वाचून दाखवत होते. सत्यशोधक समाजाच्या स्थापनेचं साल आलं आणि तिनं मला थांबवलं. तिनं सांगताना १८७५ म्हटलं होतं. मी लिहिलं होतं १८७३. मुद्दाम नव्हे हो! शाळेत पाठ केलेलं साल, हात आपसूक ते लिहून मोकळा झाला.

"अगं, पंच्याहत्तर साल आर्य समाजाचं. हे त्र्याहत्तरच आहे," मी हळूच म्हटलं.

"मग चूकच लिहायचं होतं, काकू. पेपर माझा आहे. खोडा ते."

खोडलं. १८७५ लिहिलं. तिचा एखादा गुण त्यात गेला असेल. घरी येताना बसमध्ये मला आधी तिचा राग आला. मग स्टॉपवरून घरापर्यंत चालताना स्वतःचीच लाज वाटायला लागली. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या अंध माणसाचा दंड धरून, न विचारता, त्याला पलीकडे ओढत नेणारी भली माणसं आपण सगळ्यांनी पाहिलेली आहेत. त्याला पलीकडे जायचंच नसतं. तो तिथं कुणाची तरी वाट पाहत असतो. मी त्या दिवशी तेच केलं होतं, फक्त पेननं.

लेखनिक हा आपल्याकडे अंध मुलांच्या शिक्षणाचा कणा मानला जातो. दहावीपासून स्पर्धा परीक्षांपर्यंत लेखनिक शोधणं हा या मुलांच्या अभ्यासाइतकाच मोठा उद्योग असतो. कबूल केलेला लेखनिक पेपरच्या सकाळी तापानं आजारी पडतो, कुणाचं अक्षर लागत नाही, कुणाला 'औद्योगिकीकरण' लिहिता येत नाही. २०१३ च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत लेखनिकाला वयाची, शिक्षणाची अट नको असं म्हटलं होतं, म्हणून तर माझ्यासारखी पदवीधर बाई तिच्याशेजारी बसू शकली. २०१८ च्या सूचनांनी ते बदललं. विद्यार्थ्यानं स्वतः आणलेला लेखनिक त्याच्यापेक्षा एक पायरी कमी शिकलेला हवा, असं त्यांत म्हटलं होतं. माझा १८७३ चा अनुभव असल्यामुळे या अटीला नावं ठेवायचा धीर मला होत नाही. पण जी मुलगी 'उदारमतवाद' सांगते आहे तिच्यापुढे तो शब्द पहिल्यांदाच ऐकणारा मुलगा बसवायचा आणि तासाला किमान वीस मिनिटं जादा वेळ दिला की झालं, हेही काही खरं नव्हे. तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो. त्यातला बराच वेळ जोडाक्षरं फोडून सांगण्यात जातो.

याच दोन्ही सूचनापत्रकांत आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही. उत्तरं ब्रेलमध्ये लिहायची, संगणकावर लिहायची की लेखनिकाला सांगायची, हे शक्यतो विद्यार्थ्यानं ठरवायचं आहे. म्हणजे लेखनिक नको म्हणायची वाट कागदावर उघडी आहे. मग बहुतेक मुलं त्या वाटेनं का जात नाहीत? परीक्षा केंद्रांची उदासीनता हे एक कारण झालं. पण दुसरं कारण मला अधिक छळतं. आपण या मुलांना लिहायला शिकवणंच हळूहळू सोडून देतो आहोत.

हे माझ्या लक्षात आणून दिलं एका मुलानं. चार-पाच वर्षांपूर्वी तो माझ्याकडे वाचून घ्यायला यायचा. (लेखनिक म्हणून माझी पात्रता संपली, पण वाचक म्हणून शिल्लक आहे.) विलक्षण हुशार मुलगा. एकदा ऐकलेलं विसरत नसे. गावच्या साध्या शाळेत शिकलेला, तिथं ब्रेल शिकवणारं कुणी नव्हतं आणि हातात फोन लवकर आला. फोन त्याला सगळं वाचून दाखवी आणि हा बोले ते लिहून घेई. एकदा त्यानं स्वतःच्या हातानं टाइप केलेला अर्ज मला दाखवला. 'माहीती', 'विनंति', 'आणी'. मी म्हटलं, "अरे, 'आणि'ची पहिली वेलांटी, 'विनंती'ची दुसरी."

तो जरा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "काकू, पहिली-दुसरी म्हणजे नक्की काय असतं?"

बावीस वर्षांचा, प्रथम वर्गात पास झालेला मुलगा हे विचारत होता, आणि दोष त्याचा काडीचाही नव्हता. शब्दाच्या शेवटी आपण सगळेच दीर्घ बोलतो. 'आणि'मधली ऱ्हस्व वेलांटी ऐकू येत नाही, ती दिसावी लागते. किंवा बोटाला लागावी लागते. फोनमधला आवाज एकेक अक्षर थांबून ऐकलं तर तेही सांगतो, नाही असं नाही. पण कादंबरी कुणी अशी अक्षर-अक्षर वाचतं का?

ब्रेलमध्ये ती बोटाला लागते. सहा टिंबांची ही लिपी, त्यातून त्रेसष्ट आकार होतात. १९५१ मध्ये आपल्या सगळ्या भाषांसाठी मिळून भारती ब्रेल ठरलं. ऱ्हस्व इ म्हणजे दोन आणि चार नंबरची टिंबं, दीर्घ ई म्हणजे तीन आणि पाच. गंमत म्हणजे आपण 'कि' लिहिताना वेलांटी 'क'च्या आधी काढतो, ब्रेलमध्ये ती बोलण्याच्या क्रमानं नंतर येते. ब्रेल शिकलेलं मूल रोज शेकडो वेळा त्या टिंबांवरून बोट फिरवतं आणि शुद्धलेखनाचा नियम न शिकवता त्याच्या बोटात बसतो. परिच्छेद कुठं संपला, अवतरण कुठं सुरू झालं, हेही बोटालाच समजतं. माझी ती बी.ए.ची मुलगी मला सांगताना मध्येच म्हणायची, "दुसरी वेलांटी बरं का काकू." मी तिच्याकडे बघतच राहायची.

यावर मला नेहमी ऐकवलं जातं की ब्रेलचे दिवस गेले. पाठ्यपुस्तकाचं एक पुस्तक ब्रेलमध्ये केलं की त्याचे जाडजूड कितीतरी खंड होतात, ते ठेवायचे कुठं? फोन खिशात मावतो. खरं आहे. फोननं जे दिलं आहे ते मी कमी लेखणार नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये सुगम्य पुस्तकालय सुरू झालं, २०१२ च्या दुरुस्तीनं कॉपीराइटच्या कायद्यातला अडसर निघाला, पुस्तकं ऐकायला मिळू लागली. (तरी मराठीचं दुखणं वेगळंच! युनिकोडच्या आधीच्या फाँटांत जुळवलेला मजकूर आपल्याला पडद्यावर छान मराठी दिसतो आणि वाचक प्रणालीला मात्र त्यात रोमन अक्षरांचा नुसता कचरा सापडतो.) माझं म्हणणं इतकंच की ऐकणं म्हणजे वाचणं नव्हे. डोळस नातवाला आपण नुसत्या गोष्टी ऐकवून शाळेत लिहायला-वाचायला शिकवायचं नाही असं ठरवलं असतं का?

बोटांवरचा आपला विश्वास उडाल्याची आणखी एक खूण रोजच्या बाजारात दिसते. जुनी शंभराची नोट १५७ मिलिमीटर लांब आणि पाचशेची १६७. एक सेंटीमीटरचा फरक, बोटांना लगेच कळायचा. २०१६ पासूनच्या नव्या मालिकेत शंभर, दोनशे आणि पाचशे यांच्यात चार-चार मिलिमीटरचाच फरक आहे आणि रुंदी तिघींची एकच. रिझर्व्ह बँकेनं २०२० च्या जानेवारीत नोट ओळखणारं 'मनी' हे अ‍ॅप आणलं. पण भाजीवाल्यापुढे, मागे माणसं खोळंबलेली असताना, एका हातात पिशवी, दुसऱ्यात पांढरी काठी घेऊन फोन कुठल्या हातात धरायचा? माझी मुलगी दोनशेची नोट उभी दुमडते, पाचशेची आडवी. सुटे परत मिळाले की पुन्हा पंचाईत.

'माझी मुलगी' म्हटलं खरं. रक्ताचं नातं काही नाही. एकदा मी मोठ्या सावधपणे 'दिव्यांग' म्हणाले, तर म्हणाली, "अंध म्हणा काकू, लवकर म्हणून होतं."

मला काय हवं आहे ते सांगते. साध्या शाळेत एखादं जरी अंध मूल असलं तरी आठवड्यातून काही दिवस ब्रेल शिकवणारा शिक्षक त्याच्यापर्यंत पोचला पाहिजे, आणि तो पहिलीत पोचला पाहिजे, नववीत नव्हे. पाचवी-सहावीपासून मराठी कळफलकावर टंकलेखन. दहावीच्या परीक्षेत संगणक मागणाऱ्या मुलाकडे केंद्रप्रमुखांनी आश्चर्यानं पाहू नये. लेखनिक असावा, ज्याला गरज आहे त्याच्यासाठी, अडीनडीला. घरच्या लोकांसाठीही एक सांगणं आहे. ब्रेल शिकायला अंधच असावं लागतं असं नाही. आई-बाबांनी डोळ्यांनी वाचण्यापुरतं शिकलं तर मुलाची वही तपासता येते. मराठीतलं 'स्पर्शज्ञान' हे ब्रेल पाक्षिक २००८ साली सुरू झालं, त्याचा एखादा अंक मिळवून घरात हाताळून बघावा.

मी शिकले, साठी उलटल्यावर. पाटी आणि टोचणी घेऊन जाड कागदावर टिंबं पाडायची. कागद उलटून वाचायचा असल्यामुळे लिहायचं उजवीकडून डावीकडे आणि प्रत्येक अक्षर आरशात दिसावं तसं उलटं. मान दुखते, पण जमतं. गेल्या दिवाळीला मी तिला पहिलं पत्र पाठवलं. ती आता परगावी नोकरी करते. आठवड्यानं तिचं उत्तर आलं, दोन पानं. खिडकीशी बसून, उन्हात कागद तिरका धरून मला ते वाचायला दीड तास लागला. तब्येत, नोकरी, नवं घर सगळं होतं. शेवटी लिहिलं होतं: "काकू, इ उलटा करायला विसरलात की त्याचा ए होतो. तुम्ही मला 'देवाळी'च्या शुभेच्छा दिल्या आहेत. मी काही खोडलेलं नाही, पत्र तुमचं आहे."