२१ हजारांची रांग



तुमच्यापैकी काही जणांच्या फोनवर सध्या एक पान उघडं असणार, मला खात्री आहे. अर्धी अंधारात आणि अर्धी उजेडात दाखवलेली एक छोटी इलेक्ट्रिक गाडी. वर 'लवकरच येत आहे', खाली 'आत्ताच बुक करा' असं बटण आणि शेजारी ११ किंवा २१ हजारांचा आकडा. गाडी परवडणारी आहे असं सगळे म्हणताहेत. किंमत मात्र अजून कोणी सांगितलेली नाही.

दाबायचं का ते बटण?

मी हे कुंभकोणमजवळच्या साक्कोट्टैमधून लिहितेय, आणि आमच्या घरात हाच प्रश्न रोज रात्री जेवताना निघतो. बाबांची पेट्रोल गाडी पुढच्या वर्षी १५ वर्षांची होईल. मग नोंदणीचं नूतनीकरण करून तीच रेटायची, की निवृत्तीच्या पैशातले थोडे काढून नवी घ्यायची? बाबा ६३ वर्षांचे आहेत. ही बहुधा त्यांची शेवटची गाडी, हे घरात कोणी बोलत नाही, पण सगळ्यांना माहीत आहे. अशा माणसाला "अजून दोन वर्षं थांबा, बॅटरी स्वस्त होईल" हे सांगणं भावाला सोपं वाटतं, मला नाही.

म्हणून मी जरा मागे जाऊन पाहिलं. आजवर ज्यांनी अशी बटणं दाबली, त्यांचं पुढे काय झालं?

सगळ्यात मोठी गोष्ट टेस्लाची. आमच्याकडे कुंभकोणमला १२ वर्षांतून एकदा महामहम भरतो, म्हणून इथली माणसं काळ त्यावरून मोजतात. मागचा महामहम फेब्रुवारी २०१६ मध्ये झाला. त्यानंतर महिन्याभराने, ३१ मार्च २०१६ ला, टेस्लाने 'मॉडेल ३' या आपल्या त्यातल्या त्यात स्वस्त गाडीचं बुकिंग उघडलं. किंमत ३५ हजार डॉलर सांगितली होती आणि टोकन होतं १ हजार डॉलर, म्हणजे तेव्हाचे साधारण ६६ हजार रुपये. देशांच्या यादीत भारताचंही नाव होतं. आठवड्याभरात जगभरातून ३ लाखांहून जास्त लोकांनी नावं नोंदवली. त्यात आपल्याकडचे हौशी लोकही होते. २०१७ च्या उन्हाळ्यात भारतात यायची आशा आहे, असं इलॉन मस्क स्वतः म्हणाले होते. तो उन्हाळा गेला, पुढचेही गेले. शेवटी मे २०२५ मध्ये या जुन्या भारतीय ग्राहकांना ईमेल येऊ लागले, की तुमचं टोकन परत करतोय. नऊ वर्षं! जुलै २०२५ मध्ये मुंबईत बीकेसीला टेस्लाची शोरूम उघडली, पण तिथे होती 'मॉडेल वाय', ५९ लाख ८९ हजारांपासून पुढे. पुढचा महामहम २०२८ चा आहे. एका महामहमाला पैसे भरावेत आणि ते दुसऱ्याच्या तोंडावर परत मिळावेत, तेही बिनव्याजी, अशी ही रांग.

हा अर्थात टोकाचा नमुना. पण यातून एक गोष्ट पक्की कळते, की टोकन भरून आपण गाडी घेत नसतो, रांगेतली एक जागा घेत असतो. रांग कुठे जाते, कधी सरकते आणि खिडकीवर भाव काय असेल, हे खिडकीपलीकडचा माणूस ठरवतो.

मोठ्या माणसांना नॅनो आठवत असेल. ९ ते २५ एप्रिल २००९ या काळात बुकिंग चाललं आणि २ लाखांवर अर्ज आले. सगळ्यात साध्या मॉडेलसाठीही ९५ हजार रुपये आधी भरायचे होते, म्हणजे जवळजवळ सगळी गाडीच. मग सोडत निघाली आणि पहिल्या १ लाख गाड्यांचे मालक ठरले. मी तेव्हा शाळेत होते. लॉटरीत गाडी 'लागते' आणि वर तिचे पैसेही आपणच द्यायचे, हे गणित मला काही केल्या समजत नव्हतं.

आता टोकन तुलनेने लहान असतं, म्हणूनच बोट पटकन बटणावर जातं. जुलै २०२१ मध्ये ओलाने इलेक्ट्रिक स्कूटरसाठी फक्त ४९९ रुपये घेतले (कारखाना आमच्याच तामिळनाडूत, कृष्णगिरी जिल्ह्यात) आणि २४ तासांत १ लाख बुकिंग झालं. किंमत कळली महिन्याभराने. गेल्या काही वर्षांत चारचाकीतही ही चाल रुळली आहे. तूतुकुडीत कारखाना काढणाऱ्या विनफास्टने जुलै २०२५ मध्ये २१ हजारांवर बुकिंग उघडलं आणि किंमत सांगितली सप्टेंबरमध्ये. 'व्हीएफ ६' निघाली १६ लाख ४९ हजारांपासून. टोकन परत मिळणारं होतं, तेव्हा फसवणूक कोणाची झाली नाही. पण दोन महिने मनात १२ लाखांचा आकडा धरून बसलेल्या घराचं काय झालं असेल, याची कल्पना करा. किंमत न सांगता घेतलेलं टोकन म्हणजे कंपनीसाठी बाजाराचा अंदाज असतो. किती लोक उत्सुक आहेत हे तिला आपल्याच पैशांतून कळतं.

पण लवकर हात मारणाऱ्यांचं नेहमी नुकसानच होतं, असंही नाही. इथे टियागो ईव्हीची गोष्ट नीट ऐका, कारण आपल्या बजेटच्या ती सगळ्यात जवळची आहे.

सप्टेंबर २०२२ च्या शेवटी टाटांनी किंमत आधी सांगितली: ८ लाख ४९ हजारांपासून, पहिल्या १० हजार ग्राहकांसाठी. १० ऑक्टोबरला २१ हजारांवर बुकिंग उघडलं आणि एका दिवसात १० हजारांचा कोटा भरला. मग तोच भाव आणखी १० हजार जणांना दिला. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरुवातीची किंमत २० हजारांनी वाढून ८ लाख ६९ हजार झाली, आणि बुकिंगवाल्यांनी मिशीला पीळ दिला. पण फेब्रुवारी २०२४ मध्ये बॅटरीच्या सेलचे भाव उतरले म्हणून कंपनीनेच दर कमी केले आणि तीच गाडी ७ लाख ९९ हजारांपासून मिळू लागली. म्हणजे जो घाईने पहिल्या रांगेत उभा राहिला, त्याच्यापेक्षा सावकाश आलेल्याला गाडी ५० हजारांनी स्वस्त पडली. एमजी कॉमेटचंही तेच. २०२३ मध्ये ७ लाख ९८ हजार, पुढच्या फेब्रुवारीत ६ लाख ९९ हजार. त्याच वर्षी बॅटरी भाड्याने घेतली तर ४ लाख ९९ हजार आणि वर किलोमीटरमागे अडीच रुपये, असाही पर्याय आला.

मग सावकाश आलेला शहाणा ठरला का? भावाने इथे जोरात "हो" म्हटलं. मी त्याला कागद-पेन्सिल आणायला सांगितली.

पेट्रोलची छोटी गाडी गावातल्या रहदारीत लिटरला १५ किलोमीटर देते असं धरा. लिटर १०० रुपयांचं धरा. किलोमीटरला पावणेसात रुपये होतात. छोटी इलेक्ट्रिक गाडी एका युनिटवर सहा-साडेसहा किलोमीटर चालते. चार्जिंगमधली गळती धरून आणि युनिटला चांगले १० रुपये लावूनही किलोमीटरला पावणेदोनच्या आत बसतं. फरक ५ रुपयांचा. रोज ३० किलोमीटर जाणाऱ्याचे महिन्याला साडेचार हजार वाचतात. टियागो जानेवारी २०२३ मध्ये हातात पडली असेल, तर फेब्रुवारी २०२४ पर्यंतच्या १३ महिन्यांत त्याचे साडेअठ्ठावन्न हजार वाचले. म्हणजे ५० हजारांची ती कपात त्याने आधीच पेट्रोल पंपावरून वसूल करून घेतली होती. आणि रोज आठ-दहा किलोमीटर जाणारा? त्याचे त्याच काळात जेमतेम १८ हजार वाचले. त्याने थांबायला हवं होतं.

तेव्हा बुकिंग पानावरची सवलत वाचण्याआधी तुमच्या सध्याच्या गाडीचा मीटर वाचा. सर्व्हिसिंगच्या दोन पावत्या काढा, दोन्ही तारखांचे किलोमीटर वजा करा. आम्ही केलं तर बाबांची गाडी वर्षात ५,२०० किलोमीटर निघाली, दिवसाला १४ च्या आसपास. त्यांना स्वतःला ती "रोजची तीस-चाळीस" वाटत होती. तंजावर ४० किलोमीटर, तिरुची ९५ च्या आसपास, अशा मोठ्या फेऱ्या लक्षात राहतात, बाजारापर्यंतच्या राहत नाहीत. आमच्यासाठी वर्षभर थांबण्याचा खर्च २६ हजार रुपये आहे. एवढाच. हा आकडा कळल्यावर घरातली निम्मी घाई उतरली.

दुसरी निम्मी उतरवली विजेच्या मीटरने. तामिळनाडूत घरगुती बिल दोन महिन्यांनी येतं आणि युनिटं वाढतील तसा दराचा टप्पा चढतो. ५०० युनिटं ओलांडली की पुढचं सगळंच महाग. रोज ३० किलोमीटरवाल्याची गाडी दोन महिन्यांत ३०० युनिटं खाते. ज्या घरात आधीच एसी आहे, तिथे हा हिशेब पाहून ठेवा. महाराष्ट्रात बिल दर महिन्याला येतं, पण टप्प्यांचं तत्त्व तिथेही आहेच.

आणि गाडी लावणार कुठे? कुंभकोणमच्या जुन्या गल्ल्यांतली घरं अरुंद आणि खोल. पुढे तिण्णै म्हणजे ओटा, त्याला लागून थेट रस्ता. तिथे खिडकीतून वायर काढून रात्रभर गाडी चार्ज करायची, तेही ऑक्टोबर ते डिसेंबरच्या पावसात, हे मला तरी धाडसाचं वाटतं. छोट्या गाड्या १५ अँपिअरच्या साध्या प्लगवर रात्रीत भरतात हे खरं, पण तो प्लग चांगल्या अर्थिंगचा हवा, त्याची स्वतंत्र लाइन हवी आणि मंजूर लोड पुरेसा हवा. पुण्या-ठाण्याच्या सोसायटीत राहत असाल तर अडचण पावसाची नसेल, सोसायटीच्या कमिटीची असेल. टोकन भरण्याआधी तिथली परवानगी लेखी घ्या. गाडी दारात आल्यावर कमिटी फार तात्त्विक होते, असं ठाण्याच्या माझ्या मावशीचं म्हणणं आहे.

थांबण्याचा काळही रिकामा जात नाही, हे विसरू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला आणि वरचा सेसही गेला. इलेक्ट्रिकवर आधीपासून ५ टक्केच होता, त्यामुळे तिला काही फायदा झाला नाही. ज्यांनी त्याआधी दोन गाड्यांची तुलना करून ठेवली होती, त्यांचे आकडे एका रात्रीत जुने झाले. रोड टॅक्सच्या सवलतीही राज्य सरकारं मुदतीपुरत्या देतात. गाडी हातात येईल त्या दिवशी सवलत चालू असेल का, हे बुकिंगच्या दिवशी कोणी सांगू शकत नाही. म्हणून हिशेबात ती धरूच नका. मिळाली तर दिवाळी.

एवढं सगळं करूनही बुक करायचं ठरलं, तर जरूर करा. किंमत जाहीर झालेली असेल, टोकन पूर्ण परत मिळणारं असेल आणि तुमचे किलोमीटर भरपूर असतील, तर पहिल्या रांगेत उभं राहण्यात काही चूक नाही. फक्त परताव्याच्या अटींचा स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढून घरच्या ग्रुपवर टाका. अटींची पानं बदलतात. पैसे किती दिवसांत परत, कोणत्या खात्यात परत, आणि गाडीचं वाटप झाल्यावर रद्द केलं तर काय कापणार, या तीन ओळी त्यात दिसायला हव्यात. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या लिंकवरून तर बिलकूल भरू नका. नव्या गाडीची हवा झाली की तिच्या नावाच्या खोट्या साइट्सही उगवतात. कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करा, किंवा सरळ शोरूममध्ये जाऊन पावती घ्या.

आमच्याकडे काय ठरलं? बाबांनी बटण दाबलं नाही. किंमत जाहीर होईपर्यंत थांबायचं, आणि ती ९ लाखांच्या वर निघाली तर जुन्या गाडीची नोंदणी वाढवून घ्यायची, असं त्यांनी स्वतःच सांगितलं. आईची अट वेगळीच होती: मागची सीट तिच्या गुडघ्यांना चालते का, हे बसून पाहिल्याशिवाय एक रुपयाही नाही. खरं सांगू? आमच्या तीन आठवड्यांच्या चर्चेतला सगळ्यात कामाचा मुद्दा तोच होता, आणि तो कुठल्याही बुकिंग पानावर तपासता येत नाही.

सोमवारी इलेक्ट्रिशियन येतोय अर्थिंग बघायला. गाडी येवो न येवो, पावसाळ्याआधी ते करायचंच होतं.