गॅजेटगिरी : तीन अधिक तीन सहा नाही, बॉस!

लाँग वीकेंड, एक्स्प्रेस-वे, गाडीच्या सॉकेटला दोन पोर्टचा चार्जर आणि त्यावर दोन फोन. आता कुणीतरी लॅपटॉपही लावायला काढतो आणि प्रश्न येतोच, 'फ्यूज उडणार नाही ना रे?' मग चार्जर उलटा करून आकडे वाचायचे. एका पोर्टला 3 अँपिअर, दुसऱ्याला 3, म्हणजे सहा... थांबा राव! ही बेरीजच चुकीची आहे.

चार्जरवर ठळक छापलेला करंट बाहेर येणारा, म्हणजे फोनला मिळणारा असतो. सॉकेटमधून आत जाणारा वेगळा. सॉकेटला साधारण 12 व्होल्ट, फोनला हवेत 5. व्होल्ट उतरवणारं हे सर्किट म्हणजे 'बक कन्व्हर्टर'. शंभराची नोट मोडून दहाच्या दहा घेतल्या तर नोटा वाढतात, किंमत तेवढीच राहते. तसंच हे. इथली किंमत म्हणजे वॉट, व्होल्ट गुणिले अँपिअर. व्होल्ट घटले की अँपिअर वाढणारच!

हे होतं कसं? आतला स्विच सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतो. 12 चे 5 करायला तो जेमतेम 42 टक्के वेळ चालू असतो. बॅटरीतून करंट येतो तो तेवढ्याच वेळात. बाकी वेळ कॉइलमध्ये साठलेल्या ऊर्जेवर फोनचं भागतं. म्हणजे फोनला 2 अँपिअर, तर बॅटरीवर सरासरी 0.83. नोटा मोडणाऱ्याची दलाली, अर्थात उष्णता, धरली की 0.93 च्या आसपास. जुन्या धाटणीच्या 7805 रेग्युलेटरमध्ये ही मजा नाही. जेवढा करंट बाहेर, तेवढाच आत. 1 अँपिअर दिला तर 12 वॉट आत, 5 बाहेर आणि 7 वॉटची नुसती गरमागरमी.

आता हिशोब. दोन पोर्ट मिळून 30 वॉट. 90 टक्के कार्यक्षमता धरली तर आत 33 वॉट, म्हणजे 2.8 अँपिअर. निम्म्याहून कमी! पण लॅपटॉपचा 20 व्होल्ट, 3.25 अँपिअरवाला चार्जर इथे उलटा फिरतो. त्याला व्होल्ट चढवायचे असतात. लेबलवर 3.25, सॉकेटवर मात्र तब्बल 6 अँपिअर! साधा दिसणाराच जास्त खातो.

दोन्ही मिळून 9 च्या जवळपास. सॉकेटचा फ्यूज 10 चा असेल तर निभेल, पण काठावर. त्यात टायरमध्ये हवा भरायचा पंप लावलात तर संपलं. आणि फ्यूज उडाला म्हणून त्या जागी 20 चा ठोकू नका. फ्यूज टिकेल, पण आतली वायर तापेल. गाडीला आग लागते ती अशानेच.

तेव्हा पुढच्या ट्रिपला अँपिअरची नाही, वॉटची बेरीज करा, 12 ने भागा, वर थोडी दलाली धरा. आणि मग लावा गाणी!