लहान मनगट आणि पाणबुड्याचे घड्याळ

गेल्या पावसाळ्याच्या तोंडी एक तरुणी आमच्या दुकानात आली. मालवणकडे पर्यटकांना समुद्राच्या तळाशी फिरवून आणण्याचे काम करते, पाऊस सुरू झाला की ते काम बंद, म्हणून आता सवड मिळाली, असे तिने सांगितले. काचेखाली मांडलेल्या डायव्हर घड्याळांपैकी सर्वात मोठ्यावर तिने बोट ठेवले आणि आमच्या तोंडून सवयीने शब्द निघून गेले, "ताई, ते जेंट्स आहे." ती म्हणाली, "चाचा, पाण्यात जेंट्स-लेडीज वेगळं असतं का?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. तीस वर्षे या धंद्यात घालवूनही नव्हते. म्हणून या विषयावर चार गोष्टी आमच्या घड्याळवाल्या बंधूंसमोर मांडत आहोत. विषय क्षुल्लक वाटेल; पण मोबाईल आल्यापासून वेळ पाहण्यासाठी घड्याळ घेणारे गिऱ्हाईक निम्मेही उरलेले नाही, आणि जे उरले आहे त्यातील बाईमाणसाला आपण दुकानात पाऊल टाकताच बारीक सोनेरी घड्याळांच्या ट्रेकडे वळवतो. तिला ते नको असेल तर ती निघून जाते. तिचे पैसे तिच्याबरोबर जातात.

प्रथम थोडा इतिहास, कारण तो आपल्या समजुतीच्या उलट आहे. मनगटावर घड्याळ बांधणे ही मुळात बायकांची रीत होती. नेपल्सच्या राणीने १८१० मध्ये ब्रेगे या कारागिराकडे मनगटी घड्याळाची मागणी नोंदवली होती. पुरुष मात्र पहिल्या महायुद्धापर्यंत खिशातले साखळीचे घड्याळच खरे घड्याळ मानीत. आणि पाण्यात टिकणाऱ्या घड्याळाची जगापुढे पहिली गाजलेली परीक्षा कोणी दिली? मर्सिडीज ग्लाइट्झ या इंग्रज जलतरणपटू बाईंनी. २१ ऑक्टोबर १९२७ रोजी त्या इंग्लिश खाडीत उतरल्या तेव्हा रोलेक्सचे ऑयस्टर घड्याळ त्यांच्याजवळ होते. दहा तासांहून अधिक वेळ त्या बर्फासारख्या पाण्यात होत्या. थंडीमुळे त्यांना अर्ध्यातून बाहेर काढावे लागले, घड्याळ मात्र चालूच राहिले. त्याच नोव्हेंबरात कंपनीने लंडनच्या डेली मेलच्या पहिल्या पानावर त्याची जाहिरात दिली. गंमत अशी की ते घड्याळ बाईंच्या मनगटावर नव्हते, गळ्यात अडकवलेले होते. मापाचा प्रश्न तेव्हा असा सुटला!

पाणबुड्यांचे घड्याळ आज आपण ज्याला म्हणतो ते १९५३ च्या सुमारास आले. ब्लांपाँचे फिफ्टी फॅदम्स आणि रोलेक्सचे सबमरीनर ही दोन नावे धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहेत. त्याआधी इटालियन नौदलाच्या पाणबुड्यांसाठी पानेराईने ४७ मिलीमीटरची घड्याळे बनवली होती. ती एवढी मोठी का? कारण ती जाड पोशाखाच्या बाहीवरून, लांब पट्ट्याने बांधायची होती आणि गढूळ काळोखात वाचायची होती. म्हणजे मोठेपणा हा कामासाठी होता. पुढे १९९३ नंतर तीच पानेराई घड्याळे सर्वसामान्यांना विकली जाऊ लागली, सिल्व्हेस्टर स्टॅलोनसारख्या नटाने ती घातली, आणि मोठ्या घड्याळाचा शौक जगभर पसरला. कामाचे माप शौकाचे माप झाले. आपल्या शोकेसमध्ये ४४-४५ मिलीमीटरचा जो माल पडून आहे तो याच लाटेवर आलेला आहे.

आता मूळ प्रश्न. लहान मनगटाच्या बाईला असे घड्याळ शोभते का?

आमचे मत असे की शोभण्याचा फैसला गिऱ्हाइकाचा, बसण्याचा फैसला आपला. आणि बसते की नाही हे डोळ्याने ठरवायचे नसून मोजून ठरवायचे असते. आपण सारे डायलचा घेर सांगतो, "हे चाळीसचे, हे बेचाळीसचे", आणि तेथेच फसतो. खरे माप वरच्या शिंगापासून खालच्या शिंगापर्यंतचे, म्हणजे पट्टा जेथे अडकतो त्या दोन टोकांमधील लांबीचे. सीकोचे एसकेएक्स ००७, जे २०१९ पर्यंत आपल्याकडे पुष्कळ विकले गेले, ते घेराने सुमारे ४२ चे, पण लांबीला ४६. रोलेक्सचे ४० चे सबमरीनर लांबीला ४८ च्या आसपास. म्हणजे आकड्याने मोठे ते मनगटावर आखूड, आणि आकड्याने लहान ते लांब! कॅसिओचे एमडीव्ही मालिकेतील स्वस्त व मजबूत घड्याळ घेराने ४४ व लांबीला साडेअठ्ठेचाळीस भरते. ही मापे व्हर्निअर कॅलिपरने घ्या आणि प्रत्येक नगाच्या चिठ्ठीवर लिहा. पाच मिनिटांचे काम आहे.

मग मनगट मोजा. पंधरा सेंटीमीटर घेराचे मनगट बायकांमध्ये नेहमी भेटते. ते बांगडीसारखे गोल नसते, चपटे असते. असे मनगट वरून सुमारे साडेपाच सेंटीमीटर रुंद भरते, आणि कडांचा उतार सोडला तर सपाट जागा साडेचार सेंटीमीटरच्या घरात उरते. घड्याळाची शिंगे या सपाट जागेत मावली किंवा किंचित कडेला आली तर घड्याळ बसले. शिंगे हवेत तरंगत राहिली, खालून उजेड दिसू लागला, की ते बसले नाही, मग त्याचा घेर काहीही असो. पोलादी कडीच्या पट्ट्यात आणखी एक मेख असते. केसला लागून असलेली पहिली कडी खाली न वळता आडवी राहिली तर घड्याळाची लांबी दोन्हीकडून वाढल्यासारखी होते. तेच घड्याळ रबरी पट्ट्यावर चढवा, चित्र बदलते.

येथे त्या मालवणच्या मुलीची गोष्ट पुन्हा येते. तिने आम्हाला एक हिशोब शिकवला जो आम्ही कधी केला नव्हता. पाण्यात उतरताना ती रबरासारखा जाड पोशाख घालते. पोशाख पाच मिलीमीटरचा असेल तर मनगटाचा घेर एकतीस मिलीमीटरने वाढतो (शाळेतले गणित आहे, करून पाहा). पंधराचे मनगट अठराचे झाले. जे घड्याळ काउंटरवर तिच्या हातात ओबडधोबड दिसते तेच पाण्यात बरोबर बसते! उष्ण पाण्यात तीन मिलीमीटरचा पोशाख पुरतो, तरी घेर एकोणीस मिलीमीटरने वाढतोच. शिवाय खोल गेल्यावर दाबाने तो पोशाख चेपतो आणि पट्टा सैल पडतो. डायव्हरच्या रबरी पट्ट्यांना घड्यांसारख्या वळ्या असतात त्या याचसाठी, ताणलेला पट्टा आपोआप आवळतो. आम्ही इतकी वर्षे त्या वळ्या नक्षी समजत होतो.

आणि वाचता येणे. डायव्हर घड्याळासाठी आयएसओ ६४२५ नावाचे आंतरराष्ट्रीय मानक आहे. ते म्हणते की घड्याळ किमान शंभर मीटरचे हवे, अंधारात पंचवीस सेंटीमीटरवरून वेळ वाचता आली पाहिजे, फिरती कडी चुकून फिरता कामा नये. ही कडी एकाच दिशेने फिरते ती का, हे गिऱ्हाइकाला जरूर सांगा: धक्का लागून फिरलीच तर गेलेला वेळ जास्त दाखवते, कमी नाही, म्हणजे माणूस लवकर वर येतो, उशिरा नाही. पण घड्याळ पुरुषाचे असावे की बाईचे, चाळीसचे की पंचेचाळीसचे, याबद्दल ते मानक काही बोलत नाही. सिल्व्हिया अर्ल यांच्या नेतृत्वाखाली पाच बायकांची तुकडी १९७० साली अमेरिकेच्या टेकटाइट प्रयोगात दोन आठवडे समुद्राखाली राहून आली. जपानच्या आमा आणि कोरियातील जेजू बेटाच्या हेन्यो बायका तर पिढ्यान्‌पिढ्या बुडी मारून पोट भरत आल्या आहेत. तेव्हा "बायकांना डायव्हर घड्याळ कशाला?" हा प्रश्न निदान आपल्या काउंटरवर तरी विचारला जाऊ नये.

असे असले तरी मोठे घड्याळ सरसकट विकावे असे आम्ही म्हणत नाही. आमच्याकडून एकदा तशी चूक झालेली आहे. एका ताईंना शौक होता, पैसे तयार होते, आम्ही ४५ चे पोलादी घड्याळ बांधून दिले. आठवड्याने त्या परत आल्या. चावीच्या टोकाने तळहाताच्या मागची कातडी लाल झालेली, वजनाने हात दुखणारा, आणि बेझलच्या दात्यांत ओढणीचे दोरे अडकून फाटलेले. आम्ही माल परत घेतला. नुकसान आमचे, आणि ते योग्यच होते. रोज घरात, कचेरीत, शिवणयंत्रावर जे घालायचे त्यात तेरा-चौदा मिलीमीटर जाडी अडचणीची ठरते. ते बुरख्याच्या किंवा झब्ब्याच्या बाहीखाली जात नाही, आणि त्याच हातात बांगड्या असतील तर घड्याळही ओरखडते व बांगडीही. ज्यांना वजन सोसत नाही त्यांना टायटॅनियमचे दाखवावे, ते पोलादापेक्षा जवळजवळ चाळीस टक्क्यांनी हलके भरते. चावी चार वाजण्याच्या जागी असलेले घड्याळ हाताला टोचत नाही. आणि वजूसाठी दिवसातून पाच वेळा ज्यांना घड्याळ सरकवावे किंवा काढावे लागते त्यांना फार घट्ट पट्टा देऊ नये. रुंद झाकणाखाली ओल साचून कातडीला खाज सुटते, हे आम्ही स्त्री-पुरुष दोघांच्याही बाबतीत पाहिले आहे.

सुदैवाने कारखानदारांना आता अक्कल आली आहे. ओमेगाने सीमास्टर तीनशे मीटरमध्ये १९९३ नंतर ३६ चे मधले माप ठेवले होते, सीकोचे एसकेएक्स ०१३ सुमारे ३८ चे होते, आणि ट्यूडरने २०१८ मध्ये ३९ चे व २०२३ मध्ये ३७ चे ब्लॅक बे काढले. यांतली महाग नावे आपल्या गल्लीत खपणार नाहीत हे आम्ही जाणतो. पण मधल्या मापाचा स्वस्त मालही शोधला तर मिळतो. घाऊकवाल्याकडे मागा, मागितल्याशिवाय तो आणणार नाही.

आता कारीगर बंधूंसाठी थोडे, कारण आमच्या मते खरा धंदा येथे आहे. बाजारातले तयार पट्टे पुरुषी मनगटासाठी कापलेले असतात. पंधराच्या मनगटावर शेवटच्या भोकातही ते ढिले राहतात. आपण काय करतो? टोच्याने आणखी एक भोक पाडतो, आणि पट्ट्याचे लांब शेपूट मागे लोंबत राहते. त्याऐवजी चामड्याचा आखूड पट्टा शिवून द्यावा. धारावीत चामड्याचे उत्तम हात आहेत, तुकड्यांतून निघणारे काम आहे. पोलादी पट्ट्याच्या कड्या काढताना दोन्ही बाजूंनी सारख्या काढाव्यात, म्हणजे बकल मनगटाच्या खाली मध्यावर येते. आणि काढलेल्या कड्या पुडीत घालून गिऱ्हाइकाला परत द्याव्यात. त्या तिच्या आहेत, आपल्या डबीतल्या नाहीत. रबरी पट्टा एकेक खाच मोजून कापावा, कापलेला जोडता येत नाही.

एक गोष्ट मात्र मापाहून मोठी आहे. तबकडीवर "२०० मीटर" छापलेले नकली घड्याळ सहल करणाऱ्याला विकणे वाईट, पाण्याखाली जाणाऱ्याला विकणे गुन्हा आहे. असली घड्याळाचेही मागचे झाकण सेल बदलण्यासाठी एकदा उघडले की रबरी रिंग तपासून, वंगण लावून, दाबाची चाचणी केल्याशिवाय ते पाण्याचे राहिले असे सांगू नये. चाचणीचे यंत्र नसेल तर तसे स्पष्ट सांगावे.

त्या मुलीने शेवटी ४२ चे, आखूड शिंगांचे घड्याळ घेतले. दोन पट्टे मागितले: पोशाखावरून बांधायला वळ्यांचा लांब रबरी, आणि घरी घालायला चामड्याचा आखूड. दुसरा आमच्याकडे नव्हता. शेजारच्या चपला शिवणाऱ्या भाईजानांनी तो संध्याकाळपर्यंत करून दिला, आणि त्यानंतर तिच्या सोबतच्या दोघींनी माप पाठवून तसेच पट्टे मागवले आहेत.