संत्र्याच्या बागेंतील गवत : पेट्रोलचें यंत्र कीं बॅटरीचें ?

मृगाचा पाऊस पडून थोडे दिवस लोटले कीं काटोल, नरखेड व कळमेश्वर या तालुक्यांतील संत्र्याच्या बागा गवतानें भरून जातात. त्याच सुमारास कपाशीचें निंदण निघत असल्यामुळें बागेकडे मजूर फिरकत नाहीं. आणि वखर किंवा रोटाव्हेटर खोल चालविला तर संत्र्याच्या उथळ मुळ्या तुटतात. यास्तव गवत कापून तें ओळींमध्येंच पसरून ठेवणें ही रीत चांगली आहे. त्यासाठीं खांद्यावरचें यंत्र घ्यावयाचें तें पेट्रोलचें कीं बॅटरीचें, हा प्रश्न आज पुष्कळ बागाईतदारांपुढें आहे.

दुकानांत याचा निकाल बहुधा किंमत व ताकद पाहून लागतो. आमच्या मतें त्याआधीं दोन गोष्टी विचारावयास हव्यात. यंत्र घरचा माणूस चालविणार कीं रोजाचा मजूर ? आणि कापणी संपल्यावर तें कोठें पडून राहणार ?

प्रथम बॅटरीचा हिशेब पाहूं. बॅटरीवर ३६ व्होल्ट व ४ अँपिअर-तास असें लिहिलेलें असल्यास दोहोंचा गुणाकार १४४ वॅट-तास होतो. ओल्या गवतांत यंत्र ५०० वॅट ओढूं लागलें तर ती सुमारें १७ मिनिटें पुरेल. भरण्यास वीज युनिटच्या सहाव्या-सातव्या हिश्शाइतकीच लागते, हा खर्च नगण्य आहे. खरा खर्च बॅटरीच्या किंमतीचा. अशा दोन बॅटऱ्या घरीं असल्या तर सकाळ-सायंकाळ मिळून तासाभराचें काम होतें. ज्याची बाग एकरभर आहे व जो स्वतः रोज थोडें थोडें कापतो, त्यास हें यंत्र सोयीचें. तें हलकें असतें, कानठळ्या बसवीत नाहीं व धूर करीत नाहीं. परंतु रोजाचा मजूर लावला असतां बॅटरी भरेपर्यंत तो झाडाखालीं बसून राहील, आणि त्याचा रोज तर चालूच राहील.

पेट्रोलच्या यंत्रांत ही अडचण नाहीं. साधारण ३५ सी. सी. चें इंजिन भर कामांत तासास अर्ध्यापासून पाऊण लिटर पेट्रोल घेतें, आणि टाकी रिकामी होतांच पुनः भरीत गेलें कीं दिवसभर चालतें. त्याचा दोष निराळा आहे. पंपावरील पेट्रोलांत आतां २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें, व इथेनॉल ओल ओढून घेतें. असें पेट्रोल टाकींत ठेवून यंत्र दसऱ्यास कोपऱ्यांत लावलें, तर पुढच्या मृगांत कार्ब्युरेटर चोंदलेला सांपडावयाचा. म्हणून हंगाम सरतांच टाकी रिकामी करून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावें. बॅटरीही ठेवण्यांतच बिघडते. नागपूरकडील वैशाखांत पारा ४५ अंशांवर जातो. पत्र्याच्या झोपडींत पूर्ण भरून ठेवलेली बॅटरी त्या उष्णतेनें लवकर म्हातारी होते. ती अर्धी भरून घरांतील थंड खोलींत ठेवावी.

अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यानें २०२१ सालीं कायदा करून लहान पेट्रोल-यंत्रें मागें सारण्याचें ठरविलें, हा दाखला कोणी पुढें करील. हेतु स्तुत्य आहे. पण तेथील पुष्कळ यंत्रें घरापुढील हिरवळ कापतात, व विजेचें बटण हाताशीं असतें. आमची बाग गांवापासून कोसभर, आणि पावसाळ्यांत वीज केव्हां जाईल याचा नेम नाहीं.

तेव्हां एकरभर बाग व घरचे हात असतील त्यानें बॅटरीचें यंत्र घ्यावें. त्याहून मोठी बाग असेल त्यांनीं पेट्रोलचें घ्यावें; पण तें एकट्यानें नव्हे, तर शेजारच्या चार-पांच जणांनीं मिळून. वर्षांतून दोन-तीन कापण्यांसाठीं प्रत्येकानें कर्ज काढून निरनिराळें यंत्र विकत घेणें आम्हांस मुळींच पसंत नाहीं.

दोन्ही यंत्रांस लागू असलेली एक गोष्ट मात्र या साऱ्याहून महत्त्वाची आहे. सहा मीटर अंतरावर लावलेल्या बागेंत एकरीं सुमारें ११० झाडें असतात. यंत्राची नायलॉनची दोरी किंवा पातें यांचा बुंध्यास एक फटका बसला कीं साल सोलते, आणि त्या जखमेंतून जमिनींतील फायटोफ्थोरा बुरशी शिरून डिंक्या रोग जडतो. झाड दोन-तीन वर्षें कण्हत राहतें व मग वाळतें. यास्तव बुंध्याभोंवतालचें हातभर गवत विळ्यानें व हातानेंच काढावें, आणि पावसाळ्यापूर्वीं व नंतर बुंध्यास बोर्डो मलम लावावा. मोरचूद १ किलो, चुना १ किलो व पाणी १० लिटर हें त्याचें प्रमाण आहे. यंत्र बिघडलें तर दुरुस्त होतें. परंतु फळावर आलेलें झाड गेलें तर त्या जागीं नवें झाड फळावर येण्यास पुनः पांच-सहा वर्षें वाट पाहावी लागते. यंत्र हातीं देण्यापूर्वीं मजुरास एवढें अवश्य समजावून सांगावें, अशी आमची बागाईतदार बंधूंस आग्रहाची विनंती आहे.