परतलेल्या माणसाला आठ दिवस द्या

भूगोल शिकवत होतो तेव्हा अंटार्क्टिका मी अर्ध्या तासात उरकत असे. शाळेतल्या पृथ्वीगोलाचा स्क्रू नेमका दक्षिण ध्रुवावर बसवलेला, त्यामुळे मुलांना तो खंड धड दिसायचाही नाही! निवृत्तीनंतर मात्र त्याविषयी मिळेल ते वाचत आलो. आमच्या सौ. विचारतात, "नंदुरबारच्या उन्हात बसून बर्फाचं वाचलं की गार वाटतं का?" वाटतं थोडं.

पण मला खरे कुतूहल आहे ते तिथून परतणाऱ्यांचे.

१९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत डॉ. अदिती पंत आणि डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता या पहिल्या भारतीय महिला अंटार्क्टिकावर गेल्या. उन्हाळा संपताना जहाज परत फिरले आणि 'दक्षिण गंगोत्री' या नव्या केंद्रावर बारा जण मागे राहिले. भारताच्या स्वतःच्या केंद्रावरचा तो पहिला हिवाळा. पुढे १९८९ मध्ये 'मैत्री' आणि २०१२ मध्ये 'भारती' ही केंद्रे उभी राहिली. 'मैत्री'वर हिवाळ्यात सुमारे दोन महिने सूर्य उगवतच नाही. समुद्र गोठलेला, जहाज येऊ शकत नाही. रोज तेच वीस-पंचवीस चेहरे. इस्रोच्या मंगला मणी यांनी 'भारती'वर ४०३ दिवस काढले आणि २०१७ अखेर त्या परतल्या.

जाणाऱ्यांची तयारी कसून होते. दिल्लीच्या एम्समध्ये शरीराची आणि मनाची तपासणी, मग औलीच्या बर्फात प्रशिक्षण. परतलेल्या माणसाच्या घरच्यांना मात्र कोणी औलीला नेत नाही! विमानतळावर हार घातला की दुसऱ्या दिवशी त्याने बाजारात जावे, लग्नाला यावे, पूर्वीसारखे हसावे अशी आपली अपेक्षा. तिथे हिवाळा काढलेले अनेक जण सांगतात की गर्दी आणि गोंगाट सोसत नाही, घरच्यांशी काय बोलावे सुचत नाही. ज्या दिवसाची वर्षभर वाट पाहिली, तोच जड जातो.

हे नुसते मनाचे खेळ नाहीत. जर्मनीच्या 'नॉयमायर-३' केंद्रावर १४ महिने राहिलेल्या नऊ जणांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. स्मरण आणि दिशाज्ञानाशी संबंधित असा त्यांच्या मेंदूतला एक लहानसा भाग सुमारे सात टक्क्यांनी आक्रसलेला आढळला. नऊ म्हणजे माणसे थोडीच, पण विचार करायला लावणारी.

मला तो वाचून एक मुलगा आठवला.

आपला जिल्हा तेव्हा धुळ्यातच होता. दिवाळी झाली की सातपुड्यातली कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जात (आजही जातात) आणि होळीला परतत. माझ्या सहावीच्या वर्गातला एक मुलगा असाच होळी करून शाळेत आला. चार महिने पाचटाच्या झोपडीत राहिलेला, पहाटे आईबापाबरोबर फडात गेलेला. मी हजेरी घेतली आणि सर्वांसमोर विचारले, "काय साहेब, इतके दिवस कुठे होता?" मग त्याला नकाशासमोर उभे करून तापी दाखवायला सांगितली. तापी ओलांडूनच आला होता तो! पण नकाशाकडे बघत नुसता उभा राहिला. पोरे हसली. मधल्या सुट्टीत तो निघून गेला, तो पुन्हा आलाच नाही.

मी रजिस्टरात लाल शाईने रेघ मारली. नियमाप्रमाणे बरोबरच होते.

शास्त्रज्ञ स्वतःच्या इच्छेने जातो, मानाने परततो. त्याची तुलना ऊसतोडीच्या पोराशी कशी, असे कोणी म्हणेल. तुलना नाहीच. त्या पोराला ना कोणी निवडले होते, ना तपासले, ना हार घातला. म्हणून तर त्याचा हक्क अधिक. अंटार्क्टिकावरून आलेल्याला सावरायला वेळ लागतो हे आपल्याला पटते, कारण मध्ये बर्फ आहे. पोराच्या बाबतीत मध्ये फक्त तापी होती, म्हणून मला दिसले नाही.

तेव्हा माझे म्हणणे एवढेच. लांबून, एकटेपणातून कोणी परतले, मग ते ध्रुवावरून असो, सीमेवरून असो, इस्पितळातून असो की उसाच्या फडातून, तर पहिले आठ दिवस त्याला काही विचारू नये. जेवायला वाढावे, शेजारी बसावे. सांगावेसे वाटले की तो आपणच सांगेल. आणि जे शिक्षक अजून नोकरीत आहेत त्यांना विनंती, की होळीनंतर आलेल्या मुलाला आधी बाकावर जागा द्या. हजेरीचे मागून बघता येईल.

तो मुलगा आज पन्नाशीच्या आसपास असेल. बाजारात त्या वयाचा कोणी दिसला की मी चेहरा निरखून बघतो. भेटला तरी कुठे होतास, असे मात्र विचारणार नाही.