बटण बंद, तरी झटका!

मैत्रिणींनो, दिवाळीची आवराआवर चालली होती. स्वयंपाकघरातल्या दिव्याचं बटण बंद केलं, स्टुलावर चढले, बल्ब काढला आणि तेलकट होल्डर ओल्या फडक्यानं पुसायला गेले. (ओलं फडकं ही माझी चूक, कबूल.) असा झटका बसला की थेट खालीच आले. नशीब, कोपरावर निभावलं. "बटण बंद केलं नसशील," घरच्यांचं ठरलेलं उत्तर. पण बंदच होतं हो!

वायरमननं टेस्टर लावून पाहिला. म्हणाला, "ताई, बटण न्यूट्रलवर जोडलंय." मला काही कळेना. मग त्यानं लाइटबिलाच्या मागे आकृतीच काढली. वर लाल रेघ, म्हणजे फेज. खाली काळी, म्हणजे न्यूट्रल. लाल रेघेतून निघालेली वायर आधी बटणात, तिथून दिव्यात, मग काळ्या रेघेला. दिवा म्हणजे गोलात फुली. बटण म्हणजे मध्येच तुटून तिरकी झालेली रेघ, किलकिल्या दारासारखी. आमच्याकडे उलटं होतं. लाल रेघ थेट दिव्यात आणि बटण त्याच्या पलीकडे! बंद केलं की दिवा विझायचा, पण २३० व्होल्ट होल्डरपर्यंत येऊन उभे.

स्वेटरचे नमुने, ब्लाउजचं कटिंग कागदावरून वाचणाऱ्या आपण. त्यापुढे हे काय अवघड? पण मिक्सर, गिझर दिवसभर हाताळायचे आपण आणि आकृती मात्र 'पुरुषांचं काम'. मला हे पटत नाही. वायरिंगला हात लावू नका, ते परवानाधारक वायरमनचंच काम. पण कुठली वायर कुठे जाते, हे त्याला विचारायलाच हवं.

खाली लहान लहान होत गेलेल्या तीन आडव्या रेघा दिसल्या, की ते अर्थिंग. प्लगची जाड, लांब पिन त्याचीच. लांब अशासाठी, की ती सगळ्यांत आधी जोडली जावी. ती पिन काढून इस्त्री चालवणाऱ्या आपल्यात आहेत, मला ठाऊक आहे!

ते लाइटबिल मी मीटरबॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवलंय. परवा पंखा बसवायला आलेल्या मुलाला दाखवलं. तो आधी हसला. मग टेस्टर काढून त्यानं पंख्याचं बटण पुन्हा उघडलं.